रविवारचा पास्ताकार

मुंबई, ठाणे, पुणे या शहरांतील मत्स्याहारी मराठी कुटुंबांत दर रविवारी सकाळी अकराच्या सुमारास स्वयंपाकघरात प्रकट होणाऱ्या पुरुषास येथे ‘पास्ताकार’ म्हटले आहे. वयाने तो पंचेचाळिशीच्या आसपासचा असतो. एरवी सहा दिवस त्याला साखरेचा डबा सापडत नाही, परंतु सातव्या दिवशी ऑलिव्ह तेलाच्या बाटलीवरील ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ म्हणजे रसायने न वापरता, केवळ यंत्राने काढलेले पहिल्या प्रतीचे तेल, हे तो कोणी न विचारता सांगतो.

कोळंबी घातलेली स्पॅगेटी हा त्याचा एकमेव पदार्थ. तो मुळात सोपा आहे: लसूण आणि तेल यांवरच उभ्या असलेल्या नेपल्सकडच्या ‘आल्यो ए ओल्यो’ या प्रकारात परतलेली कोळंबी मिसळली की झाले. पाणी उकळण्याचा वेळ वगळता पंधरा मिनिटांचे हे काम पास्ताकार दोन तास पुरवतो, आणि त्या दोन तासांतील श्रमविभागणी हाच अभ्यासाचा खरा विषय होय. कोळंबी तो स्वतः आणतो, हे मान्य केले पाहिजे. मात्र ‘टायगर आहे ना?’ एवढेच विचारून, कोळीण वाट्याचा जो भाव सांगेल तो मुकाट्याने देऊन परततो. ती सोलणे आणि पाठीतला काळा दोरा, म्हणजे कोळंबीचे आतडे, काढणे आईकडे जाते. लसूण पत्नी सोलते. पिझ्झाबरोबर आलेल्या चिली फ्लेक्सच्या जपून ठेवलेल्या पुड्या कन्या शोधते. तो स्वतः ॲप्रन बांधतो.

पाण्याच्या बाबतीत मात्र त्याचा अधिकार निर्विवाद आहे. १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि लिटरमागे १० ग्रॅम मीठ हे प्रमाण तो काट्यावर मोजतो. पाण्यात तेल सोडू पाहणाऱ्याला अडवतो, आणि ते योग्यच, कारण तेल वर तरंगत राहते व पास्ता मोकळा राहतो तो ढवळल्यामुळे. पास्ता शिजवलेल्या पाण्यात उतरलेले पिष्ट तेलाला आणि पाण्याला एकत्र बांधून रस दाट करते, म्हणून वाटीभर पाणी तो राखून ठेवतो. स्पॅगेटी ड्युरम या कठीण गव्हाच्या रव्याची असते असे तो सांगू लागला की, म्हणजे आपला शेवयांचा बन्सी गहू, असे आई म्हणते; ही माहिती बरोबर असली तरी तो ती विषयांतर मानतो.

त्याचा घात होतो तो सिद्धान्त शिजण्याच्या वेळेपेक्षा लांब असल्यामुळे. कोळंबी दोन-तीन मिनिटांत होते; ती अर्धवर्तुळात वळली की उतरवावी, पूर्ण वेटोळे झाले की वातड झाली असे समजावे, हा नियम तो सोदाहरण समजावत असतानाच कढईतील कोळंबी आपले वेटोळे पूर्ण करते. ‘आल देन्ते’, म्हणजे दाताला किंचित अडेल इतपत शिजलेल्या पास्त्याचा क्षणही छायाचित्रे काढताना निघून जातो. पुढे कन्या चीज किसू लागते, आणि इटलीत मासळीवर चीज सहसा घालत नाहीत, या खऱ्या माहितीच्या आधारे तो ताटावर हात आडवा धरतो. भांडी कोणी घासायची, हा प्रश्न त्याच्या अभ्यासक्रमाबाहेरचा आहे.

दरम्यान आईने कोळंबीची डोकी टाकून न देता त्यांचे कालवण केलेले असते, आणि पास्त्याची स्तुती संपल्यावर भात सर्वांत आधी पास्ताकारच मागतो.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. या ६१ दिवसांत तो विश्रांती घेत असेल, हा समज चुकीचा आहे. फ्रोझन कोळंबी सोललेलीच मिळते, त्यामुळे आईचे श्रम वाचतात, हे त्याच्या ध्यानात आले असून, घरकामातील आपल्या वाट्यात तो हेही धरतो.