तुमचा टीडीएस किती?

शहराच्या कडेला फ्लॅट घेतलेल्या माणसाकडे गेलात, तर हल्ली चहाच्या आधी पाण्याच्या टीडीएसचा, म्हणजे त्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा, आकडा मिळतो. "आमच्याकडे नऊशे आहे. पलीकडच्या फेजमध्ये साडेतेराशे!" आवाजात दुःख कमी आणि फेज बरोबर निवडल्याचं समाधान जास्त. पूर्वी या जागी कार्पेट एरिया सांगायची पद्धत होती. आता स्वयंपाकघरातल्या खणात, सांडशीशेजारी, पेनाएवढं एक यंत्र असतं. ते पाण्यात बुडवायचं, आकड्याचा फोटो काढायचा आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा. सकाळी सातला पहिला आकडा पडतो, नऊपर्यंत विंगवार तुलना होते आणि साडेनऊला कुणीतरी विचारतं, "यावर सेक्रेटरी काही बोलतील का?" सेक्रेटरी बोलत नाहीत. तेही त्या वेळी अंगाला साबण चोळत फेसाची वाट बघत असतात.

पुण्याच्या पेठेतल्या माणसाला हे दुःख कळायचं नाही. त्याचं पाणी सह्याद्रीत पडलेल्या पावसाचं. खडकवासल्याचं धरण 1879 सालचं, पुढे त्याच्या वर पानशेत, वरसगाव, टेमघर अशी धरणं उभी राहिली. तिथून येणाऱ्या पाण्याची दगडाशी फारशी ओळखच झालेली नसते. त्यामुळे पेठेतला गिझर मुलाच्या मुंजीला घेतलेला असतो आणि नातवाच्या मुंजीलाही चालतो. आमच्याकडचं पाणी बोअरचं, नाहीतर विहिरीवर भरलेल्या टँकरचं. काळ्या कातळाच्या भेगांमध्ये मुक्काम ठोकून, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पोटात घालून ते वर येतं. बोअर जितकी खोल, तितका त्याचा खडकाशी घरोबा जुना असायची शक्यता. नळाच्या तोटीवर पांढरी दाढी, गिझरच्या कॉइलवर चुन्याचा थर, शॉवरच्या अर्ध्या भोकांनी सेवानिवृत्ती घेतलेली. आणि आमच्या सोसायटीत कुणाचीच डाळ शिजत नाही. अध्यक्षांचीही नाही आणि तूरडाळही नाही.

सरकारचं यावर म्हणणं आहे. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस 10500, 2012 सालचं, सांगतं की पाण्याचा एकूण कठीणपणा, म्हणजे या कॅल्शियम-मॅग्नेशियमचं चुनखडीच्या मापातलं प्रमाण, लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालेल. या "दुसरा स्रोतच नसेल तर"मध्ये अख्खं उपनगर राहायला आलं आहे. 600 कठीणपणाचा, दहा हजार लिटरचा एक टँकर रिकामा केलात, तर त्यातून हिशेबाने सहा किलो चुनखडी सोसायटीत येते. वॉचमन गेटवर भाजीवाल्याची पिशवी तपासतो. या सहा किलोंची नोंद होत नाही.

टँकर का, तर महापालिकेचा नळ नाही म्हणून. पुणे महापालिकेत 2017 साली अकरा गावं आली, 2021 साली आणखी तेवीस. हद्द एका अधिसूचनेत सरकते, जलवाहिनीला मात्र खोदावं लागतं. मधल्या काळासाठी बिल्डर हमीपत्र देतो, की महापालिकेचं पाणी येईपर्यंत पाण्याची जबाबदारी आमची. या हमीपत्राला सर्वांत घट्ट चिकटलेला भाग म्हणजे त्याचा स्टॅम्प पेपर. माहितीपत्रकात "चोवीस तास पाणी" लिहिलेलं होतं आणि तेही खोटं निघालं नाही. टँकर पहाटे तीनलाही हॉर्न वाजवतो.

टँकरवर ठळक अक्षरांत "पिण्याचे पाणी" रंगवलेलं असतं. म्हणजे चौकशीचा प्रश्नच मिटतो. तरीही आमच्या मजल्यावरच्या जोशीकाकांनी एकदा ड्रायव्हरला गाठलं.

"पाणी कुठलं आहे, दादा?"

"चांगलं आहे, काका."

"ते कळलं. पण कुठलं? धरणाचं का विहिरीचं?"

"विहिरीचं, पण धरणासारखं आहे."

काकांनी यंत्र काढलं, आकडा पाहिला आणि म्हणाले, "कालच्यापेक्षा शंभराने कमी आहे." दोघंही समाधानाने आपापल्या वाटेला लागले. विहीर कुठली, तिच्या बाजूने काय वाहतं, हा विषय तिथेच बुडाला.

आकड्याच्या या भक्तीवर एक धंदा मात्र उत्तम पोसला गेला आहे. रविवारी टाय लावलेला मुलगा येतो. टेबलावर दोन पेले मांडतो, एकात आपल्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या आरओ फिल्टरमधून गाळलेलं. दोन्हींत धातूचे दांडे सोडतो, बटण दाबतो. मिनिटभरात आपलं पाणी पिवळं, मग तपकिरी, मग काळपट हिरवं. "काकू, हे तुम्ही रोज पिता." काकू पदराने तोंड झाकतात, काका चेकबुक शोधतात. खरी गोष्ट अशी, की क्षाराच्या पाण्यातून वीज वाहते, लोखंडी दांडा झिजतो आणि त्याचाच गंज पेल्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून वीज वाहत नाही आणि ते स्वच्छ राहतं. म्हणजे ती घाण विक्रेत्याने स्वतःच्या बॅगेतून आणलेली असते. त्याच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकून प्रयोग पुन्हा करायला सांगा. त्याला लगेच बी विंगमधली अपॉइंटमेंट आठवते.

मग आरओ बसतो. तो एक लिटर गाळताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतो, म्हणजे टँकरचं पाणी विकत घेऊन बहुतेक गटाराला पाजायचं. पाण्यातलं कॅल्शियम काढून टाकलं, की पाणी बेचव लागतं. त्यावर उपाय म्हणून कॅल्शियम परत मिसळणारी कार्ट्रिज लावायची, तिचे पैसे वेगळे. शिवाय काकूंची हाडं ठिसूळ झाली म्हणून डॉक्टर गोळ्या देतात. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांत असतं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे गिझरच्या कॉइलवर बसतं तेच, फक्त पुदिन्याच्या चवीचं. सगळा कठीणपणा कॅल्शियमचा धरला, तर त्या 600 च्या हिशेबाने आमचं दोन लिटर पाणी म्हणजे जवळपास एक गोळी. आम्ही ती फुकटची गोळी मोरीत ओततो आणि औषधाच्या दुकानात रांग लावतो. जागतिक आरोग्य संघटनेने पाण्याच्या कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कुठलीही मर्यादा घातलेली नाही. पण ही गोष्ट ग्रुपवर टाकून पाहा, ॲडमिन तुम्हाला बिल्डरचा माणूस ठरवेल.

सामुदायिक सॉफ्टनरची हकिकत याहून करुण आहे. लाखो रुपये जमवून प्लांट बसवला, मिठाच्या गोण्या आल्या, नारळ फुटला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी यंत्रं बुडवली, तर आकडा होता तिथेच. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेतो आणि बदल्यात सोडियम देतो. एकूण क्षार कमी होतच नाहीत. यंत्र पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज बांधतं. क्षार कुठला, हे त्याला कळत नाही. साबणाला फेस येऊ लागला होता, पण फेसाचा फोटो कोण ग्रुपवर टाकणार? सभेत एकमताने ठरलं, की कुठेतरी पाणी मुरतंय. खजिनदारांनी राजीनामा दिला.

त्या यंत्राला आणखीही एक गोष्ट कळत नाही. जंतू. गटाराचं पाणी मिसळलेल्या पेल्यावर ते तीनशेचा देखणा आकडा दाखवू शकतं. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागोमाग एक सापडले. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू मिळाला आणि संशय पाण्यावर गेला. त्या भागातले काही खासगी आरओ प्रकल्पही पुढे महापालिकेने बंद केले. माणसं व्हेंटिलेटरवर गेली, काही परत आली नाहीत. त्याच दिवसांत आमच्या ग्रुपवर घबराट पसरली आणि सगळ्यांनी तातडीने टीडीएस मोजला. नऊशेच होता. सर्वांना हायसं वाटलं.

आमची सोसायटी जिथे उभी आहे, तिथे ग्रामपंचायत असताना पंचायतीचा एक माणूस टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकायचा आणि ओटी टेस्ट करायचा. नळाच्या पाण्यात दोन थेंब, पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर नाही. मानकाप्रमाणे लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवं. गाव सुधारलं, बावीस मजले चढले, क्लबहाउस आलं, स्विमिंग पूल आला. त्या पुलातलं क्लोरीन रोज दोनदा मोजलं जातं आणि फळ्यावर लिहिलं जातं. पिण्याच्या टाकीसाठी फळा नाही.

तेव्हा वाचकहो, येत्या वार्षिक सभेत टीडीएसवर तास घालवू नका. तीनच प्रश्न विचारा: टँकर कुठल्या विहिरीवर भरतो, टाकी शेवटची कधी धुतली आणि शेवटच्या मजल्यावरच्या नळाला क्लोरीन किती. शिवाय वर्षातून दोनदा पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत जिवाणूंच्या तपासणीला पाठवण्याचा ठराव करून घ्या. उत्तरं मिळेपर्यंत पाणी उकळून प्या. भांड्याच्या तळाशी पांढरं बसेल, त्याला घाबरू नका.