भालदार तात्या

जत्रेच्या नाटकाचा नारळ फुटला की आमच्या गावात दोन प्रकारची माणसं दिसू लागतात. पार्ट मिळालेली आणि न मिळालेली. मिळालेली दाढी वाढवतात आणि घशाला जपतात. न मिळालेली मंडळाच्या हिशेबात चुका शोधतात. तिसराही एक प्रकार असतो: पार्ट मिळणार हे नक्की, पण यंदा नाही. तात्या या तिसऱ्यातले. चंदगड तालुक्यातल्या कुठल्याही गावात असा एखादा तात्या निघेलच, पण आमच्या तात्यांनी तेवीस वर्षं भाला धरला. एवढ्या वर्षांत माणसाची दोन बँक कर्जं फिटतात.

आमचा तालुका नाटकाच्या बाबतीत जरा वेगळा आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो बेळगाव जिल्ह्यातून निघून कोल्हापुरात आला, पण पडदे, ड्रेपरी आणि बायकांचे पार्ट करणाऱ्या नट्या यांना ही बातमी अजून कुणी दिलेली नाही. ते सगळं आमच्या गावात बेळगावहूनच येतं. ‘श्रीमान योगी’ लिहिणारे रणजित देसाई कोवाडचे, म्हणजे आमच्याच तालुक्यातले, त्यामुळं ऐतिहासिक नाटक आम्ही घरचं कार्य समजतो. त्यात पारगडावर तानाजीचे वंशज मालुसरे आजही नांदतात. दुसरीकडं तानाजी चुकला तर लोक शिट्ट्या मारतात. आमच्याकडं त्याला धाकधूक असते, की प्रेक्षकांतून घरचंच माणूस उठून विचारील, ‘कुठल्या बखरीत आहे हे?’

अशा ठिकाणी पार्ट सहजासहजी मिळत नाही. त्याची शिडी आहे. पहिल्या वर्षी पडद्याची दोरी ओढायची. ती वेळेवर ओढली तर पुढच्या वर्षी मावळ्यांच्या गर्दीत उभं राहायचं. मावळ्यानं फक्त ‘हर हर महादेव’ म्हणायचं, तेही सगळ्यांबरोबर. मग भालदार. त्यानंतर खलिता आणणारा जासूद. याला स्वतःचं एक वाक्य असतं आणि त्या एका वाक्यासाठी घरचे पुढच्या रांगेत बसतात. जासुदाच्या वर सरदार, त्याला मिशी आणि दोन पानं. आणि सगळ्यांच्या वर महाराज.

सरदारापर्यंतची शिडी चोरवाटेनंही चढता येते. पावतीपुस्तकावर मोठा आकडा घातला की रस्त्याचा कंत्राटदारसुद्धा एका रात्रीत सरदार होतो आणि ‘महाराज, गनीम चालून आला’ हे वाक्य टेंडर वाचल्यासारखं म्हणतो. महाराजांचा पार्ट मात्र पावतीवर मिळत नाही. तो मागायचाही नसतो. मंडळ देतं. त्याचे नियम कुठं लिहिलेले नाहीत, पण गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहेत. नारळ फुटल्यापासून पडदा पडेपर्यंत मटण बंद. बाटली बंद. पायात चप्पल नाही. शिवी तोंडात आली तर गिळायची.

तात्या भालदाराच्या पायरीवर अडकले, त्याला कारण त्यांचा आवाज. ‘आस्ते कदम’ त्यांनी म्हटलं की देवळामागच्या वडावरची वटवाघळं उठायची. असा भालदार मिळाल्यावर त्याला वर कोण चढवणार? गुणामुळं बढती अडते, हे सरकारी नोकरांना ठाऊक असतं. तात्या शेतकरी असल्यामुळं त्यांना ते समजायला तेवीस वर्षं लागली.

भाला त्यांचा स्वतःचा. बांबूचा, टोकाला पत्रा आणि पत्र्याला चंदेरी रंग. वर्षभर तो माळ्यावर फडक्यात गुंडाळून असायचा. एकदा काकूंनी त्या भाल्यानं फणस पाडला, तर तात्या दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवले, कारण भाजी त्याच फणसाची होती.

एवढी वर्षं सिंहासनाच्या उजव्या हाताला ताठ उभं राहून तात्यांच्या अंगाला ती सवय जडली. लग्नाला गेले की मांडवाच्या दारात खांबाजवळ उभे. बँकेत गेले की मॅनेजरच्या केबिनबाहेर उभे. लोक त्यांना विचारायचे, ‘साहेब हाईत काय?’ तात्या मान न हलवता सांगायचे, ‘हाईत, पण बोलण्यात गुंतल्यात.’ एका मॅनेजरांची बदली झाली तेव्हा निरोपाच्या वेळी त्यांनी तात्यांनाही बँकेचा माणूस समजून नारळ दिला. तात्यांनी तो मुजरा करून घेतला.

सगळं नाटक त्यांना तोंडपाठ होतं. महाराज बोलायला लागले की भालदाराचे ओठ हलायचे. एका वर्षी प्रॉम्प्टर तापानं आडवा झाला. त्या रात्री महाराज दर दोन वाक्यांनंतर भालदाराकडं वळून गंभीरपणे बघत होते. लोकांना वाटलं, राजा किती सावध, पहारेकऱ्यावरसुद्धा नजर ठेवतो.

माझा पुतण्या पुण्यात आयटीत आहे. दिवाळीला आला की रात्री अकरानंतर लॅपटॉपसमोर बसून तो दोन-तीन देशांतल्या माणसांशी बोलतो आणि मधूनच एक फासा टाकतो. फाशाला वीस बाजू. तात्या काही कामानं आले होते, ते दारातच उभं राहून बघत बसले.

“काय गा हे? जुगार?”

पुतण्यानं समजावलं. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ काढला. त्यात एक सूत्रधार गोष्ट मांडतो. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि त्या पात्राच्या तोंडून बोलायचं. लिहिलेलं नाटक नाही, संवाद आयत्या वेळी. वार लागला की चुकला, ते फासा ठरवतो.

तात्यांचे डोळे चमकले. “म्हणजे दशावतारच की गा!”

खरंच होतं ते. तिलारी घाट उतरला की दशावताराचा मुलूख. तिथल्या मंडळींच्या हातात संहिता नसते. खेळाआधी आख्यान कुठलं आणि राजा कोण, राक्षस कोण एवढं ठरतं, मग राजपार्टी आणि स्त्रीपार्टी उभ्या उभ्या संवाद रचतात. तिथं फासा नसतो. वार लागला की नाही हे मृदंगवाला ठरवतो.

“मग तू कोण झालास त्यात?” तात्यांनी विचारलं.

इथं पुतण्याचा चेहरा उतरला. त्याला हवं ते पात्र अजून मिळालं नव्हतं. तो खेळतो त्या खेळाचं नाव ‘पाथफाइंडर’ आणि २००८ पासून ‘पाथफाइंडर सोसायटी’ नावाचं त्याचं जगभर पसरलेलं मंडळ आहे. त्याचे नियम सगळीकडं सारखे. माणूस, बुटका, एल्फ अशी साधी पात्रं पहिल्या दिवसापासून कुणालाही खुली. काही दुर्मीळ वंशांची पात्रं मात्र कुलपात. पूर्वी त्यासाठी एक चिठ्ठी लागायची. ती बहुतेक मोठ्या मेळाव्यांना हजेरी लावली की हाती पडायची. तिला त्यांच्यात ‘बून’ म्हणतात.

“बून म्हणजे?”

“वर. वरदान.”

“मग बरोबर हाय. तपाशिवाय वर कुठला?” तात्या आत येऊन चक्क खुर्चीवर बसले.

२०१९ साली खेळाची दुसरी आवृत्ती आली. तेव्हापासून दर खेळाला गुण मिळतात, ते साठवायचे आणि त्यांतून कुलूप उघडायचं. सूत्रधार होऊन खेळ चालवला तर गुण जास्त.

“म्हणजे प्रॉम्प्टरला जास्त?” तात्या गहिवरले. “शहाणी माणसं हो. आमच्यात त्याला च्यासुद्धा गार मिळतो.”

“पण तात्या, दोन वर्षं झाली. अजून गुण पुरत नाहीत.”

“दोन?” तात्यांनी त्याच्याकडं असं बघितलं, की पोरानं लॅपटॉपच मिटला.

जाताना त्यांनी एक हकिगत मात्र कान देऊन ऐकली. पहिल्या आवृत्तीत गॉब्लिन व्हायलाही चिठ्ठी लागायची. गॉब्लिन म्हणजे मोठ्या डोक्याचं, काडी लावायची आवड असलेलं खट्याळ पिशाच्च. दुसऱ्या आवृत्तीत हा गॉब्लिन थेट मूळ पुस्तकात आला, सगळ्यांना मोकळा. पुतण्याच्या टेबलावरच्या एका जुन्या गड्यानं ती चिठ्ठी मोठ्या कष्टानं मिळवली होती. कालची पोरं पहिल्याच दिवशी गॉब्लिन होतात, हे बघून तो अजून उसासे टाकतो.

“बिचारा,” तात्या म्हणाले. एवढं खरं दुःख त्यांनी जवळच्या मयतीतही दाखवलं नव्हतं.

त्याच हंगामात ते घडलं. पंधरा वर्षं महाराज करणाऱ्या गुरुजींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांना उजेडात जायला मनाई केली. देवळात बैठक बसली. कुणी नाव सुचवायच्या आधीच सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या. तात्या खांबाजवळ उभे होते.

त्या दिवसापासून मटण बंद झालं. दुसऱ्या दिवशी अंडं. आठवड्यानं कुणी न सांगता चहासुद्धा. तात्या अनवाणी शेतात जाऊ लागले आणि काकू रोज संध्याकाळी सुईनं काटे काढू लागल्या. बैलाला शिवी द्यायची नाही म्हणून तात्या बैलाला ‘अहो’ म्हणत. बैल गोंधळून उभा राहायचा. त्या वर्षी आमच्या शिवारात सगळ्यांत उशिरा नांगरट झाली ती तात्यांची.

नाटकाची रात्र. मंडपात पाय ठेवायला जागा नाही. पडदा वर गेला. दरबार भरलेला, सरदार दोन बाजूंना, मधे रिकामं सिंहासन. ललकारी द्यायला नवा भालदार, बारावीतला पोरगा. त्यानं तोंड उघडलं आणि समोरची हजार डोकी बघून त्याचा आवाज तिथंच बसला. क्षण गेला, दोन क्षण गेले. मग विंगेतून तो ओळखीचा आवाज घुमला, “आस्ते कदम!” वडावरची वटवाघळं उठली. लोकांनी टाळ्या पिटल्या. स्वतःची ललकारी स्वतःच देऊन महाराज प्रवेशले.

जिरेटोप, अंगरखा, चाल, सगळं जिथल्या तिथं. तात्या संथपणे सिंहासनापर्यंत आले आणि त्याच्या उजव्या हाताला जाऊन ताठ उभे राहिले. मूठ वळलेली, त्यात नसलेला भाला. सरदारांनी सिंहासनाला मुजरा केला. सिंहासन रिकामं. पेटीवाल्यानं सूर धरून ठेवला. जासूद खलिता घेऊन आला, त्यानं एकदा सिंहासनाकडं बघितलं, एकदा तात्यांकडं, आणि आपलं एकुलतं एक वाक्य गिळून परत गेला. शेवटी प्रॉम्प्टरला राहवलं नाही. तो हळूच कुजबुजला, पण वर माईक टांगलेला होता हे विसरला.

“तात्या, बसा की!”

साऱ्या गावानं ते ऐकलं. तात्या बसले. त्यानंतर पहाटेपर्यंत त्यांनी जे काम केलं तसं गुरुजींनीही कधी केलं नव्हतं, हे स्वतः गुरुजी काळा चष्मा लावून सांगत होते. पण गाव ते सांगत नाही. चार वर्षं झाली, गाव अजून ‘तात्या, बसा की’ एवढंच सांगतं. आता त्यांना मांडवाच्या दारात उभं बघितलं की पोरंसुद्धा तेच म्हणतात.

पुढच्या वर्षी मंडळानं पार्ट पुन्हा त्यांनाच दिला. तात्या म्हणाले, “नको. गुडघे धरल्यात. फार वेळ बसवत न्हाई.” आणि उभ्यानं करायचा पार्ट मागून घेतला.

मध्यंतरी मंडळातल्या तरुणांनी टूम काढली, की महाराजांच्या पार्टासाठी सरळ ऑडिशन घ्यावी. ज्याला जमेल त्यानं करावा. सगळ्यांत मोठा विरोध केला तो तात्यांनी. जी शिडी चढताना त्यांचं निम्मं आयुष्य गेलं, तिची एकही पायरी कुणी काढू नये, म्हणून ते खालच्या पायरीवर राखणीला बसले आहेत. मला पुतण्याच्या टेबलावरचा तो गॉब्लिनवाला आठवला. कुलूप ज्यानं बाहेरून सर्वांत जास्त वेळ बघितलेलं असतं, त्याचाच किल्लीपेक्षा कुलपावर जीव जडतो.

यंदा नारळ फुटला त्या रात्री एक नवा पोरगा आला. आवाज चांगला होता. म्हणाला, “तात्या, मला बोलायचा पार्ट द्या.”

“आधी भाला,” तात्या म्हणाले. “पाच वर्षं. मग बघू.”

त्यांनी माळ्यावरचा भाला आणवला, फडकं सोडलं आणि तो कसा धरायचा ते पोराला दाखवू लागले. अंगठा असा, कोपर आत, नजर समोर. इतक्यात तालीम सुरू झाली. नवे महाराज आले, सरदार वाकले, जासूद आपलं वाक्य बोलून गेला. तासाभरानं मी बघितलं तर पोरगा कोपऱ्यात रिकाम्या हातानं बसला होता आणि सिंहासनाच्या उजव्या हाताला तात्या भाला धरून उभे होते. त्यांचे ओठ हलत होते.