आमच्या ओळी परत करा

प्रति,
‘आपली तक्रार येथे सविस्तर लिहा’ या चौकटीचे कर्तेकरविते यांस,

स. न. वि. वि.

परवा आपल्या फॉर्मवर तुंबलेल्या गटाराची तक्रार नोंदवली. चौकट ऐसपैस होती. शाळेत शिकवलं तसंच लिहिलं: मायना वेगळा, विषय स्वतंत्र ओळीत, मुद्दे एकाखाली एक, तळाशी ‘कळावे’. एन्टर दाबला की चौकट निमूट पुढच्या ओळीवर जात होती, म्हणून आम्हीही निर्धास्त. ‘सादर करा’ दाबून पोचपावती उघडली, तर: ‘महोदय विषय तुंबलेले गटार १ पाणी रस्त्यावर येते २ डास ३ मागच्या पावसाळ्यातही कळवले होते कळावे’. गटारापेक्षा मजकूर जास्त तुंबलेला पाहून आपल्या कारागिरीला हात जोडले.

आमचा भाचा यातला जाणकार. तो म्हणाला, ओळी हरवलेल्या नाहीत, डेटाबेसात सुखरूप आहेत. पण पान दाखवताना एचटीएमएल ओळमोडीला साध्या मोकळ्या जागेइतकीच किंमत देतं. ती दिसावी म्हणून सीएसएसमध्ये ‘व्हाइट-स्पेस: प्री-लाइन’ एवढंच लिहावं लागतं. इतकं किरकोळ काम आपल्यासारख्या मोठ्या माणसांनी का करावं, हे आम्हाला लगेच पटलं.

मात्र आपल्या कार्यालयात पोचल्यावर याच सुखरूप ओळींच्या अंगात भलतंच येतं. तिथे तक्रारी सीएसव्ही फाइलमध्ये उतरवून एक्सेलमध्ये उघडतात. ओळमोड असलेला मजकूर त्या फाइलमध्ये दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवायचा असतो. आपण तो उघडाच ठेवलात. परिणामी आमच्या एका तक्रारीच्या सहा रांगा झाल्या आणि अर्जदाराच्या नावाच्या रकान्यात ‘२ डास’ येऊन बसले. त्यांच्या अर्जावर म्हणे ‘पत्ता अपूर्ण’ असा शेराही पडला आहे. म्हणजे दिसायला हवी तिथे ओळ मोडत नाही आणि नको तिथे हमखास मोडते!

आपले काही व्यवसायबंधू दुसऱ्या टोकाचे. फॉर्म पाठवताना ब्राउझर प्रत्येक ओळमोडीची दोन चिन्हं करून धाडतो: कॅरेज रिटर्न, आस्की क्रमांक १३, आणि लाइन फीड, क्रमांक १०. ही टेलिप्रिंटरच्या जमान्यातली जोडगोळी. एकाने छापणारा भाग डावीकडे परत न्यायचा, दुसऱ्याने कागद एक ओळ वर सरकवायचा. डॉस आणि विंडोजने दोघांना ठेवलं, युनिक्सने फक्त १० ला, जुन्या मॅकने फक्त १३ ला. विंडोजच्या नोटपॅडला युनिक्सच्या ओळी नीट दाखवायला २०१८ साल उजाडावं लागलं, तेव्हा आपणही घाई करू नये हेच बरं. हे बंधू दोन्ही चिन्हांना वेगवेगळी नवी ओळ देतात, मग तक्रारीत ओळीआड एक ओळ रिकामी. आणखी एक पंथ आहे. तो नवी ओळ न देता उलटा तिरपा दांडा आणि इंग्रजी ‘एन’ छापून मोकळा होतो.

‘फक्त ५०० अक्षरे’ या सूचनेचं कौतुक तर करावं तेवढं थोडं. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं सुटं मोजल्यामुळे ‘स्त्री’ हे एकटं अक्षर सहा भरतं. तेही सोसून पुढची तक्रार बरोबर ५०० वर आणली. चौकटीखालचा आकडाही तेच सांगत होता. सर्व्हर म्हणाला, ५०८. चौकटीत एकेक मोजलेल्या आठ ओळमोडी वाटेत दुप्पट झाल्या होत्या. शेवटी ‘सन्माननीय महोदय’मधलं ‘सन्माननीय’ गाळलं, तेव्हा तक्रार बसली. आपला मान राखून तक्रार करता येत नाही, ही व्यवस्था आपणच केलीत.

तरी विनंती, की आमचा एन्टर हा आमच्या मजकुराचाच भाग समजावा आणि श्री. २ डास यांच्या पत्त्याची चौकशी थांबवावी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक सलग नागरिक

ता. क. हेच पत्र आपल्या ‘सूचना’ चौकटीत चिकटवलं, तर ‘विशेष चिन्हे चालणार नाहीत’ म्हणून परत आलं. अवतरणचिन्हं काढली, स्वल्पविराम काढले, तरी तेच. मग भाच्याने तपासणीचं सूत्र उघडून पाहिलं. त्यात ‘कोणतंही अक्षर चालेल’ असं सांगणारं एक टिंब आहे, आणि ते नव्या ओळीला तेवढं ओळखत नाही. विशेष चिन्ह म्हणजे एन्टर.