विसराळू काका

जुन्या हॉलिवूडच्या कृष्णधवल गर्दीत एक चेहरा दिसला, की मी खुर्चीत जरा सैलावून बसतो. गोल गरगरीत, केस विस्कटलेले, डोळ्यांत नुकतंच काहीतरी हरवल्याचा भाव. थॉमस मिचेल असं नाव सांगितलं तर लोक विचारतात, कोण? चेहरा दाखवला की म्हणतात, अरे हा होय! १९३९ हे साल तर त्याने भाड्यानेच घेतलं असावं. ‘स्टेजकोच’मध्ये तो दारुडा डॉक्टर. शेजारी बसलेल्या भिडस्त विक्रेत्याजवळ व्हिस्कीच्या नमुन्यांची बॅग आहे असं कळताच, थंडीत कुडकुडणारं लेकरू उचलावं तशा मायेने तो ती जवळ ओढतो. पुढे वाटेत एक बाई खरंच अडते, तेव्हा हाच माणूस कपामागून कप कडक कॉफी रिचवून शुद्धीवर येतो आणि बाळंतपण नीट पार पाडतो. त्याच वर्षी तो ‘गॉन विथ द विंड’मध्ये स्कार्लेटचा बाप होता, वॉशिंग्टनमधला बातमीदार होता, नजर अधू झालेला वैमानिक होता आणि फावल्या वेळात पॅरिसच्या भिकाऱ्यांचा राजाही. नायकांना वर्षाला एखादं प्रेम पुरतं; ह्याला एकाहून अधिक वेळा मरावंही लागलं.

‘स्टेजकोच’साठी त्याला ऑस्कर मिळालं. पण त्या काळी साहाय्यक कलावंतांना सबंध पुतळा देत नसत; पाटीवर बसवलेली त्याची छोटी प्रतिकृती देत. म्हणजे बक्षिसालासुद्धा दुय्यम भूमिका! पुढे १९५३ साली त्याने रंगभूमीचं टोनी आणि दूरचित्रवाणीचं एमी अशी दोन्ही पारितोषिकं पटकावली, आणि तीही मुख्य अभिनेत्याची. तिन्ही सन्मान मिळवणारा तो पहिला पुरुष नट. तरी लोकांचं ‘कोण?’ काही संपलं नाही.

मला तो सर्वांत जवळचा वाटतो १९४६ च्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’मध्ये. त्यातले बिली काका गोष्टी लक्षात राहाव्यात म्हणून बोटांना दोरे बांधतात. कुठला दोरा कशाचा, हे मात्र त्यांना विचारू नये. बँकेत भरायचे आठ हजार डॉलर ते गावच्या दुष्ट सावकाराच्या हाती, वर्तमानपत्राच्या घडीतून, स्वतःच पोचवून येतात. मग घरी टेबलावर डोकं टेकून मोठ्या माणसाला न शोभेसं रडतात, तेव्हा त्यांची पाळलेली खार दंडावर चढून बसते. गावाला चित्रपटाचा नायक जीव लावतो खरा. पण मला त्या वेळी नायकाचं काहीच पडलेलं नसतं. ही खार काकांच्या सदऱ्याचं टोक कुरतडणार तर नाही ना, एवढीच काळजी असते.

१९६२ साली, सत्तरीत, मिचेल एका रहस्यनाटकात खुनाचा तपास करणारा गबाळा लेफ्टनंट झाला. नाटकातलं बडं नाव जोसेफ कॉटन, खुनी डॉक्टरच्या भूमिकेत; पोलीस आपला नुसता जोडीला. त्या वर्षाच्या डिसेंबरात मिचेल वारला. काही वर्षांनी तो लेफ्टनंट पीटर फॉकच्या अंगावर चुरगळलेला रेनकोट चढवून टीव्हीवर आला आणि जगभर घराघरांत जाऊन बसला. नाव कोलंबो. रंगमंचावर तो आधी कोणी केला होता, हे सांगितलं की लोक विचारतात, कोण?