मुनिरका ते नारकंडा, व्हाया पानिपत

मुनिरक्यात भाड्याने राहणाऱ्या माणसाला चाकांवरच्या घराचं कौतुक वाटायचं काही कारण नाही. पलंगावर बसून एक हात लांबवला की गॅस, दुसरा लांबवला की न्हाणीघराची कडी. पलंगाखाली बॅगा, पलंगावर पुस्तकं, उरलेल्या जागेत आपण. मोटरहोम भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकात नेमक्या याच गोष्टी ‘सुविधा’ या मथळ्याखाली छापल्या होत्या. खालच्या अटीही ओळखीच्या होत्या: टाकीतलं पाणी जपून वापरा, विजेची जड उपकरणं एका वेळी एकच लावा, पाहुणे आणण्यापूर्वी विचारा. आमच्या घरमालकाला याबद्दल मानधन मिळायला हवं होतं. फरक इतकाच की मुनिरक्यातलं घर जागचं हलत नाही. दिल्ली भूकंपाच्या चौथ्या झोनमध्ये येते, त्यामुळे तीही उणीव अधूनमधून भरून निघते.

मुळात हे जाटांचं गाव, टोकस मंडळींचं. बाबा गंगनाथांचं मंदिर, त्याभोवती वस्ती आणि वस्तीभोवती शेती. पुढे शेती गेली, आसपास जेएनयू, आर. के. पुरम, वसंत विहार उभं राहिलं, आणि आडवं वाढायला जागा नाही म्हणून गाव उभं वाढलं. 2018 साली मॅजेंटा लाइनची मेट्रो आली तेव्हा भाडीही एक मजला वर चढली. आमच्या खाली मणिपूर, वर बिहार, शेजारी नागालँडची, जेएनयूत पीएचडी करणारी मुलगी, आणि मध्ये आम्ही दोघं. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या बाल्कनीतल्या माणसाला शिंक आली तर ‘गॉड ब्लेस यू’ आपणच म्हणायचं.

अशा जागी मे महिना काढणं हेच खरं साहस. 2024 च्या मेअखेरीस दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या यंत्राने 52.9 अंश तापमान दाखवलं. देशभर बोंब झाली. मग हवामान खात्याने तपासून सांगितलं की यंत्र तीन अंश जास्त दाखवत होतं. मुनिरक्याच्या चौथ्या मजल्यावर या तीन अंशांनी कुणाला गारवा वाटला असं मी ऐकलं नाही.

तेव्हाच पुण्याहून मामांचा फोन आला. मामांचं आयुष्य आकुर्डीच्या बजाज टेंपोत गेलं. फिरोदियांनी 1958 साली काढलेल्या या कंपनीचं नाव 2005 मध्ये फोर्स मोटर्स झालं, हे मामांनी अजून मनावर घेतलेलं नाही. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी ट्रॅव्हलर घेतली, आतली बाकडी काढून दिवाण बसवला, दिवाणाखाली कोठी केली, आणि महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यावर तर त्यांना आपण धोरणाच्या आधीच धोरणात बसलो होतो असं वाटू लागलं.

“अरे, मी गाडी घेऊनच येतो. तुम्हाला दोघांना उचलतो आणि थेट स्पिती!”

गाडी डिझेलची होती आणि 2012 ची. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना दिल्लीत मज्जाव असल्याचं मी त्यांना सांगितलं. 2015 मध्ये हरित लवादाचा आदेश, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब, सगळं सांगितलं. मामा शांतपणे म्हणाले, “मराठ्यांना दिल्लीत येऊ न देणारे पुष्कळ होऊन गेले.”

शेवटी मामा-मामी गोवा एक्स्प्रेसने हजरत निजामुद्दीनला उतरले आणि मोटरहोम दिल्लीतच भाड्याने घ्यायचं ठरलं. मात्र गाडीत भरायचं म्हणून जमवलेलं सगळं सामान रेल्वेने आलं. कुकर दोन. भाजणी, गोडा मसाला, मेतकूट, दडपे पोह्यांचे पातळ पोहे. सतरंज्या. बॅटऱ्या. नायलॉनची दोरी. धोरणाच्या शासननिर्णयाची लॅमिनेट केलेली प्रत. आणि देवगड हापूसच्या दोन पेट्या.

सामान किती घ्यावं, यावर त्या रात्री आमच्या दहा बाय बारात जो वाद झाला, त्यात दोन्ही बाजूंनी इतिहास वापरला गेला. माझं म्हणणं, बाजीरावासारखं निघावं. 1737 साली त्याने दिल्लीवर झडप घातली ती अवजड बाडबिस्तरा मागे टाकून. आधी कालकाजीजवळ तळ, मग तालकटोऱ्याच्या झिलीवर. मुनिरक्यापासून दोन्ही ठिकाणं रिक्षाच्या अंतरावर आहेत. घोड्यावरच कणसं चोळून दाणे खात जायचा म्हणतात. बायकोने मान डोलावली. ती म्हणाली, “आणि पानिपतचे भाऊसाहेब बघा. फौज, बाजारबुणगे, बायकामुलं, तीर्थयात्रेला निघालेली माणसं. पुढे काय झालं?”

मामा याचीच वाट पाहत होते. “पुढे काय झालं? रसद तुटली! अब्दालीने बागपतला यमुना ओलांडली आणि वाट अडवली. माणसं लढाईने नाही, उपासमारीने खचली. म्हणजे धडा काय? शिधा जास्त पाहिजे!”

पानिपताचा असा अर्थ आजवर कुठल्या इतिहासकाराने लावला असेल असं वाटत नाही, पण मामींनी लगेच भाजणीचा आणखी एक डबा वर काढला.

कुकर दोन का, याला मात्र शास्त्र होतं. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि पाणी लवकर उकळतं. साधारण दर तीनशे मीटरला एक अंश. स्पितीत काझ्याला, जिथल्या पेट्रोल पंपावर ‘जगातला सर्वात उंच’ असा 3740 मीटरचा फलक लावला आहे, तिथे पाणी सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी अंशांनाच बुडबुडे काढतं. उघड्या पातेल्यातला भात शिजायला बराच जास्त वेळ लागतो. मामा हे समजावत असताना शेजारची नागालँडची मुलगी दारात येऊन ऐकत होती. सुट्टीला ती पाठीवरच्या एका सॅकमध्ये सगळं घालून दीमापूरची गाडी पकडते. तिने विचारलं, “अंकल, वहाँ होटल नहीं है?”

मामांनी तिला पोह्याचा चिवडा दिला. प्रश्न तसाच राहिला.

स्पिती पुढे आपोआपच गळलं. कुंझुम खिंड अजून उघडली नव्हती आणि कंपनीनेही ‘एवढ्या वर गाडी जाणार नाही’ असं कळवलं. सिमल्याच्या पुढचं नारकंडा ठरलं, 2700 मीटर. उंची हजार मीटरने कमी झाली, कुकर दोनच राहिले.

पुढची तयारी मामांनी एकहाती केली. मोटरहोमचा एसी आणि फ्रिज उभ्या गाडीत चालवायचे तर बाहेरून वीज घ्यावी लागते आणि त्याला सोळा अँपिअरचा प्लग लागतो. धाब्यांवर तो असतो, पण गाडीपासून लांब. म्हणून मामा भर दुपारी चांदणी चौकात भगीरथ पॅलेसला जाऊन जाड वायरचं भेंडोळं घेऊन आले. ‘छोटू’ म्हणतात तो पाच किलोचा सिलेंडर घ्यायचाही बेत होता. कंपनीने गाडीत इंडक्शनची शेगडी दिली होती आणि गॅसला सक्त मनाई केली होती. मनाई वाचून मामा म्हणाले, “यांना स्वयंपाक माहीत नाही.” पण सिलेंडर राहिला. या सगळ्या मोहिमेत कमी झालेली ही एकमेव वस्तू.

शौचालयाचा विषय मामींनी एका वाक्यात संपवला. जिथे जेवायचं त्याच्या शेजारी ते चालणार नाही. कंपनीचंही मत फार वेगळं नव्हतं. परदेशात अशा गाड्यांची टाकी रिकामी करायला जागोजागी सोय असते; आपल्याकडे ती शोधावी लागते, म्हणून ‘शक्यतो धाब्याचं वापरा’ असं ड्रायव्हर सरदारजींनी हळू आवाजात सुचवलं. तेव्हा ती चिमुकली, स्टीलच्या नळांची, चकचकीत खोली हापूसच्या दोन पेट्यांना देण्यात आली. अंधारी, तरी हवेशीर. मामा म्हणाले, “आढीला याहून चांगली जागा नाही.”

रात्री दहाला निघायचं होतं. मोटरहोम आमच्या गल्लीत येणं शक्यच नव्हतं. आमच्या गल्लीत स्कूटर आली की लोक भिंतीला पाठ लावून उभे राहतात. गाडी बाहेर मोठ्या रस्त्यावर. सामान चौथ्या मजल्यावरून भाजीच्या टोपलीला दोरी बांधून खाली, तिथून ई-रिक्षात, ई-रिक्षातून गाडीत. टोपली खाली जाताना दुसऱ्या मजल्यावरच्या काकू प्रत्येक खेपेला आत काय आहे ते बघून घेत. मधल्या एका खेपेला मेतकुटाचा डबा त्यांनी उघडून हुंगलाही.

घरमालक चौधरी हुक्का सोडून गाडी बघायला आले. चारी बाजूंनी फिरले, आत शिरले, पलंगावर बसून पाहिलं, कपाटं उघडली.

“रै भाई, मकान के भी पहिए होया करैं के?”

मग आंब्यांची खोली उघडून बघितली, मनाशी हिशेब केला आणि म्हणाले, “इसके तो मैं बारह हजार ले लूँ. बिजली अलग.”

निघायला पहाटेचे साडेचार झाले. एका अर्थी बरं झालं; हायवेला गारवा होता. मुरथलच्या धाब्यावर उजाडताना पराठे, पराठ्यावर लोण्याचा गोळा. आमच्या गाडीत दोन कुकर आणि आठवड्याचा शिधा असताना आम्ही तिथे रांगेत उभे होतो, याचा उल्लेख कुणी केला नाही. सोळा अँपिअरचं भेंडोळं उलगडून मामांनी फ्रिज लावला. फ्रिजमध्ये फक्त पाणी होतं.

दिल्लीपासून नव्वद किलोमीटरवर पानिपत येतं आणि मराठी माणसाला तिथून नुसतं पुढे जाता येत नाही. मामी म्हणाल्या, “अहो, शुभकार्याला निघालोय, इथे थांबू नका.” मामांनी ऐकलं नाही. काला आंबचं स्मारक शहराबाहेर आहे. त्या जागी एक आंब्याचं झाड होतं आणि रणातल्या रक्ताने ते काळं पडलं, अशी कथा सांगतात. मामा गाडीतून उतरले, मागे गेले, शौचालयाचं दार उघडलं आणि पेटीतला एक हापूस निवडून घेतला. स्मारकापुढे ठेवला. चप्पल काढून उभे राहिले. काही बोलले नाहीत, आम्हीही नाही. 14 जानेवारी 1761 हा दिवस आमच्या घरात कॅलेंडरवर नसला तरी सगळ्यांना पाठ असतो.

तिथला राखणदार लांबून बघत होता. आम्ही वळल्यावर त्याने आंबा उचलला, नाकाशी नेला आणि विचारलं, “महाराष्ट्र से?” मामांनी परत जाऊन त्याला आणखी चार दिले.

हायवेला लागताच मामींनी गाडी थांबवली. पानिपत पचरंगा लोणच्यासाठी प्रसिद्ध आहे आणि दुकानांच्या रांगा आहेत. मोहरीच्या तेलाचा वास मामींना सहन होत नाही. त्यांनी तीन बरण्या घेतल्या. मराठ्यांची रसद पानिपतात वाढल्याची इतिहासातली ही बहुधा पहिलीच नोंद. शासननिर्णयाचाही उपयोग झाला: अंबाल्याच्या अलीकडे पोलिसाने गाडी अडवली तेव्हा मामांनी तो पुढे केला. पोलिसाने मराठी मजकूर दोन्ही बाजूंनी पाहिला, लॅमिनेशन वाकवून पाहिलं आणि फारच मजबूत कागद आहे असं ठरवून जाऊ दिलं.

परवाणूनंतर घाट लागला आणि गाडीतल्या प्रत्येक वस्तूने आपण बांधलेलो नाही हे जाहीर केलं. कपाटं उघडत होती, भाजणी फिरत होती, मामी एका हाताने लोणचं आणि दुसऱ्या हाताने देव धरून बसल्या होत्या. त्यात हापूस. दोन्ही पेट्यांतले बहुतेक आंबे दिल्लीच्या उन्हात एकाच वेळी पिकले होते आणि वास इतका दरवळत होता की सरदारजी प्रत्येक वळणावर उसासा सोडत. सिमल्याच्या अलीकडे चहाला थांबलो, हवा यावी म्हणून छताची झडप उघडी ठेवली. सिमल्याची माकडं पिढ्यान्‌पिढ्या पर्यटकांवर जगत आली आहेत. त्यांना कॅरॅव्हॅन धोरण समजावून सांगावं लागलं नाही. आम्ही परत आलो तेव्हा एक टोळी छतावर कोया चोखत बसली होती. पेट्यांच्या तळाशी राहिले होते ते फक्त कच्चे. मामींनी त्यांचं लोणचं घालायचं ठरवलं.

नारकंड्याला संध्याकाळी पोचलो. देवदारांमधून थंड वारा, समोर बर्फाची रांग, आणि पार्किंगवाला. हॉटेलच्या आवारात गाडी लावायची तर एक खोली घ्यावीच लागेल, असा त्याचा नियम. घेतली. खोलीत गरम पाणी होतं, रजया होत्या, बाथरूममध्ये आंबे नव्हते. मामांनी पलंगावर बसून बघितलं, मामींनी नळ सोडून बघितला, आणि दोघं तिथेच राहिली. गाडीत आम्ही दोघं झोपलो. आम्हाला सवय होती.

दुसऱ्या दिवशी हाटू शिखरावर जायचं होतं. रस्ता अरुंद, मोटरहोम जात नाही. गावातली एक छोटी आल्टो ठरवली. तीत चौघं, सॅक एक आणि डबा एक. 3400 मीटरवर, हाटू मातेच्या देवळाशेजारी बसून मामांनी चिवडा खाल्ला आणि मला म्हणाले, “बघ, बाजीराव असाच फिरायचा.”

तुम्हाला जायचं असेल तर मेमध्ये जा, जूनच्या शेवटी पाऊस धरतो. दिल्ली पहाटेच्या आत सोडा. सोळा अँपिअरची वायर खरंच न्या, ती उपयोगी पडते. गाडी ठरवण्यापूर्वी पार्किंगचं आणि खोलीचं भाडं फोनवर विचारून घ्या. आमच्या हिशेबात ते दोन्ही मिळून मुनिरक्याच्या महिनाभाड्याच्या निम्मं झालं. आणि हापूस न्यायचाच असेल तर कच्चा न्या, छताची झडप बंद ठेवा.

मामा पुढच्या वर्षी पुन्हा येणार आहेत. त्या वेळी फणस आणतो म्हणालेत.