चूलमामा

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात सहल ठरली की जागा शोधावी लागते, गोवऱ्या मिळवाव्या लागतात, भरत्याची वांगी निवडून आणावी लागतात. मामा मात्र शोधावा लागत नाही. गाडीतून सामान उतरतं, बायका सतरंजी झटकतात, कुणीतरी भाबडेपणानं दोन दगड जवळजवळ ठेवतो आणि मागून आवाज येतो, "अबे, तसं नाही बे. सरक तिकडं."

हाच मामा. कुणाच्या नात्यानं मामा, हे विचारण्यात अर्थ नाही. दफ्तराच्या सहलीत तो बडे बाबू असतो, मोहल्ल्याच्या सहलीत किराणावाला, शाळेच्या सहलीत पीटीचे सर. घरचा गॅस त्यानं आजवर पेटवलेला नाही. मामींच्या मते ते बरंच आहे.

त्याचं राज्य जागेपासून सुरू होतं. बैहर रस्त्यावरचा गांगुलपारा असो, ढुटीचं धरण असो की वैनगंगेची रेती, समोर आलेली पहिली सावली मामाला कधीच पसंत पडत नाही. "हवा पाहा ना जी. धूर सारा लेकरांच्या डोळ्यात जाईन." मग तो मूठभर धूळ सोडून वारा तपासतो. धूळ कुठंही गेली तरी "पाहिलं?" असं विचारतो आणि सगळ्यांना सामानासकट शंभर पावलं पुढं नेतो. तिथं सावली कमी असते, पण हवा मामाची असते.

दगड निवडताना तो खरोखर गंभीर होतो. नदीतून काढलेला ओला दगड तो चुलीला लावू देत नाही. आत मुरलेलं पाणी तापलं की असा दगड फुटतो, आणि हे खरं आहे. हिरवा बांबूही नको, त्याची पेरं धाडकन उडतात, हेही खरं. मामाची पंचाईत ही की त्याचं निम्मं बोलणं खरं असतं, आणि कोणतं निम्मं ते जेवण होईपर्यंत कळत नाही.

तीन दगड बसले की इतिहासाचा तास. "१८६७ मध्ये इंग्रजानं आपला जिल्हा कसा केला? थोडा मंडल्याचा, थोडा शिवनीचा, थोडा भंडाऱ्याचा. तीन दगडांची चूल! म्हणून तर अजून धूर निघते." पीटीच्या सरांना एवढा इतिहास कुठून येतो, हे विचारायचं धाडस इतिहासाच्या बाईंनाही होत नाही.

चूल फक्त भातासाठी. भात चिन्नोरचा. बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ मध्ये जीआय मानांकन मिळालं, तेव्हापासून मामा भातात दुसऱ्याचा चमचा घालू देत नाही. खरा कारभार मात्र पलीकडच्या गोवऱ्यांच्या ढिगात चालतो. गोवऱ्या पेटवायच्या, धूर सरेपर्यंत वाट पाहायची, लाल झाल्या की फोडून पसरायच्या आणि त्या आरात कणकेचे गोळे, म्हणजे गक्कड, सोडायचे. बाजूला वांगी, टमाटे, लसणाचा गड्डा. यात करण्यासारखं फारसं काही नसतं, वाट पाहणं असतं, आणि उपाशी माणसांना वाट पाहायला लावणं ही मामाची खरी विद्या. दुपारचे दोन वाजतात. एखादं पोरगं काडीनं एक गक्कड उलटवतं. मामा पाठमोरा असूनही ओरडतो, "कोन हात लावला?"

त्याचा एकच कायमचा शत्रू: गोंदियाचा मेहुणा. रेल्वेनं चाळीसेक किलोमीटरवरून येणारा हा माणूस आराजवळ उकिडवा बसतो आणि सहज म्हणतो, "आमच्याकडे पानगे करतात जी. पळसाच्या पानात." १९५६ मध्ये भंडारा जिल्हा गोंदियासकट मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, पण पानगा मोठा की गक्कड, हा सीमाप्रश्न राज्य पुनर्रचनेला सोडवता आला नाही. मामा पाहुण्याचा मान राखतो. आराच्या अगदी कडेला, जिथं विस्तव मेलेला असतो, तिथं चार पानगे ठेवायची परवानगी देतो. ते कच्चे राहिले की हळहळतोही. मनापासून नाही.

भाचा हाँगकाँगला नोकरीला. त्यानं एकदा तिथल्या लांताउ बेटावरच्या सहलीचा व्हिडिओ दाखवला. डोंगरच डोंगर, सगळ्यात उंच सुळका ९३४ मीटरचा. पायथ्याशी सरकारनं बांधून दिलेल्या पक्क्या भट्ट्या आणि बसायला बाक. आधी येईल त्याची भट्टी. माणसं लांब दांड्याच्या काट्याला कोंबडीचे पंख टोचून, त्यांना मध फासून, आपापलं भाजत बसलेली. भट्टी सोडून दुसरीकडे आग पेटवली तर दंड. आम्हाला सगळ्यांना ते आवडलं. सावली शोधायला नको, दगड नकोत.

मामानं व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. "चूल पहिलेच बांधलेली?"

"हो मामा."

"अन् ज्याचं त्यानं भाजाचं?"

"हो."

"मंग मानूस तिथं जाऊन करते काय?"

भाच्याला उत्तर सुचलं नाही. मला वाटतं, प्रश्न बरोबर होता. हाँगकाँगनं भट्टी बांधली आणि मामाची जागा रद्द केली. आपल्याकडे नगरपालिकेनं नदीकाठी पक्क्या चुली बांधायचं मनावर घेतलं, तर पहिली हरकत मामाची येईल, आणि ती हवेच्या मुद्द्यावर असेल.

मामाला कायदाही पाठ आहे. राखीव जंगलातल्या आगीबाबत १९२७ चा वन कायदा किती कडक आहे, फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत जंगलाला आगीचा धोका कसा असतो, मोहाखालचा पाला जाळताना वणवे कसे लागतात, हे तो आर फुलता फुलता ऐकवतो. म्हणूनच तो चूल रेतीवर मांडतो आणि शेजारी पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवतो. त्या पाण्यात कुणी हात धुतला तर त्यानं वनगुन्हा केल्यासारखं त्याच्याकडे बघतो.

गेल्या पौषात आमच्या चुलीशी जंगलखात्याचा नाकेदार येऊन उभा राहिला. मामानं बादल्या दाखवल्या. नाकेदारानं मान हलवली, पण गेला नाही. चुलीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "जी, हा दगड उलटा बसला. हवा तर इकडून हाये."

कुणी काही बोललं नाही. गोंदियाच्या मेहुण्याच्या चेहऱ्यावर सबंध दिवसात पहिल्यांदा समाधान दिसलं.

मामा उठला. त्यानं नाकेदाराला नीट न्याहाळलं, वर्दी सोडून बाकी सगळं. "तुमच्याकडे गक्कड आरात टाकतात का राखेत?"

"राखेत. वरून गोवरी."

"वरून गोवरी? अन् करपलं मंग?"

"करपत नाही जी. आधी राख चाळाव लागते."

दोघंही उकिडवे बसले. एकेक काडी हातात आली. राख चाळावी की नाही इथून कणकेत ओवा पडावा की नाही इथपर्यंत वाद पोहोचला, तोवर पोरांनी चिवड्याची पिशवी रिकामी केली होती. मामींनी दोघांपैकी कुणालाही न विचारता भात उतरवला, पलीकडच्या बाजूनं गक्कड उकरून फडक्यात झटकले आणि पत्रावळी मांडायला घेतल्या.