आधी पत्ता, मग आठ

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात परदेशी माणूस दिसला म्हणून आता कुणी हातातला चहा खाली ठेवत नाही. २००१ मध्ये स्कोडाने इथे मोटारी जुळवायला सुरुवात केली तेव्हापासून चेक साहेब आले, पर्किन्सच्या इंजिनांमागोमाग ब्रिटिश आले, आणि ऑरिक या औद्योगिक वसाहतीत ह्योसंगचा धाग्याचा कारखाना उभा राहिला तेव्हा कोरियन मंडळी आली. कंपनी यांच्या राहण्याची, जाण्यायेण्याची सोय लावते, त्यामुळे सोमवार ते शनिवार त्यांची आणि भारत सरकारची फारशी गाठ पडत नाही. पण यांच्यातल्या एखाद्याला वाटलं की रविवारी पहाटे बुलेट काढावी, दौलताबादचा घाट चढून वेरूळला जावं, की त्याला दुचाकीचा परवाना लागतो आणि तिथून त्याचं खरं प्रशिक्षण सुरू होतं. माझं म्हणणं असं की, आपल्याकडे दुचाकीचा परवाना हा मुळात गाडी चालवण्याचा परवाना नाहीच. तो रहिवासाचा दाखला आहे, आणि त्यावर गाडी चालवायची मुभा फुकट मिळते. इथल्या माणसाकडे बघून हे लक्षात येत नाही, कारण पत्ता त्याच्याकडे जन्मजात असतो. गाडी येते की नाही एवढाच प्रश्न उरतो आणि तो कुणी फारसा विचारत नाही. परदेशी उमेदवाराचं नेमकं उलट. गाडी त्याला उत्तम येते, पत्ता मात्र येत नाही. म्हणून आपली परीक्षा नक्की कशाची आहे हे बघायला त्याच्याइतका सोयीचा माणूस नाही.

कायदा १९८८चा, नियम १९८९चे. त्यातला चौथा नियम पत्त्याच्या आणि वयाच्या पुराव्यांची यादी देतो. मतदार यादी चालते. परदेशी माणूस त्यात नसतो, आणि असला तर तो वेगळाच गुन्हा होतो. शाळेचा दाखला चालतो. तो कोरियन लिपीत असतो. पासपोर्ट चालतो, पण त्याच्या पासपोर्टावर कुंभेफळच्या फ्लॅटचा पत्ता कुठून येणार? त्याच यादीत आयुर्विम्याची पॉलिसीही आहे. मोटारसायकलवर बसायला निघालेल्या माणसाच्या हातात सरकारला आधी विम्याचे कागद बघायला आवडतात, यात दूरदृष्टी नाही असं कोण म्हणेल? मग उरतो व्हिसा, पोलिसांकडची नोंदणी आणि भाडेकरार. व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत ‘मी इथे राहायला आलो’ असं कळवावं लागतं. आधार काढायचं तर मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहिलेलं असावं लागतं. त्यातून २०२३ मध्ये शहराचं नाव बदललं. एका कागदावर औरंगाबाद, दुसऱ्यावर छत्रपती संभाजीनगर, आणि ज्या वसाहतीत तो काम करतो त्या ऑरिकच्या नावात जुनं शहर आद्याक्षरांपुरतं अजून मुक्कामाला आहे. ही तिन्ही ठिकाणं एकच आहेत हे चेक माणसाने सिद्ध करायचं. शिवाय आपल्याकडे खरा पत्ता म्हणजे ‘गट नंबर अमुक, पाण्याच्या टाकीमागे, किराणा दुकानाच्या वर’. पोस्टमनला तो पुरतो, संगणकाच्या चौकटीत मात्र मावत नाही.

तुम्ही म्हणाल, कागदपत्रं कुठल्या देशात लागत नाहीत? लागतात. पण माझा पुरावा कागदांच्या संख्येत नाही, तो २०२१ सालात आहे. त्या वर्षी जूनमध्ये महाराष्ट्राने लर्निंग लायसन्सची परीक्षा घरबसल्या देण्याची सोय केली. आधार असेल तर संगणकासमोर बसा, रस्ता सुरक्षेची चित्रफीत बघा, प्रश्नांची उत्तरं द्या, लायसन्स छापून घ्या. आधार नसेल तर आरटीओत या आणि तिथे सर्वांसमक्ष परीक्षा द्या. आता यात तर्क काय तो शोधा. परीक्षा वाहतुकीच्या चिन्हांची आहे. तिरपी रेघ मारलेला हॉर्न म्हणजे काय, हे ओळखण्याशी राहत्या घराचा काय संबंध? तरीही ज्याचा पत्ता पक्का, त्याच्या ज्ञानावर सरकारचा इतका विश्वास की तो बंद दाराआड, बायको-मुलं-मेहुणे यांच्या सहवासात उत्तरं देऊ शकतो. आणि ज्याचा पत्ता कच्चा, त्याला चिन्हं समजतात की नाही हे डोळ्यांदेखत तपासावं लागतं. पत्ता सिद्ध झाला की अक्कल गृहीत धरली जाते. एवढं स्वच्छ विधान कायद्याच्या कुठल्या कलमात सापडणार नाही, पण सोयीमध्ये ते सापडतं.

आता प्रत्यक्ष चालवण्याकडे येऊ. अर्जासोबतच्या पहिल्या नमुन्यात उमेदवार स्वतःच्या प्रकृतीविषयी स्वतःच ग्वाही देतो. पंचवीस मीटरवरून, चांगल्या उजेडात, गाडीची नंबरप्लेट वाचता येते का? पूर्वी लाल आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येतो का, हेही त्यात असे. सगळे ‘हो’ लिहितात, आणि ते खोटं नसतं. सिग्नलवर आपला माणूस लाल रंग व्यवस्थित ओळखतो, ओळखूनच निघतो. पुढे पंधरावा नियम फार सुंदर आहे. तो एकदा सवडीने वाचावा. उमेदवाराला आरसा नीट लावता यावा, उतारावर चटकन खालचा गिअर टाकता यावा, अचानक थांबता यावं, पादचाऱ्यांच्या पट्ट्यांपाशी नीट वागता यावं. शिवाय दुसऱ्याला ओलांडता यावं आणि दुसऱ्याला आपल्यापुढे जाऊ देता यावं. जाऊ देता यावं! हे कौशल्य खरोखर तपासलं तर मराठवाड्यातले निम्मे परवाने आज संध्याकाळपर्यंत जमा करावे लागतील. मैदानावर मात्र या सगळ्याच्या जागी बहुतेक ठिकाणी एक आकडा उभा असतो: आठ. जमिनीवर चुन्याचा किंवा रंगाचा आठ, कडेला रांग, रांगेत स्वतःची किंवा मागून आणलेली गाडी. उमेदवार पहिल्या गिअरवर, हाफ क्लचवर, जीभ दातांत धरून फिरतो, दोन्ही गुडघे बाहेर, दोन्ही बूट जमिनीपासून चार बोटं वर तरंगत ठेवलेले, कारण पाय टेकला की संपलं. साहेब मान हलवतात. पुढचा.

यावर हाडाचे मोटारसायकलवाले चिडतात. आठ काढणं सोपं नाही, म्हणतात. संथ गाडी तोलणं हीच खरी कसोटी, वेगात काय, कुणीही तोल सांभाळतो. आक्षेप बिनतोड आहे, आणि जपानी लोकांनी तो आपल्यापेक्षा गंभीरपणे घेतला आहे. त्यांच्या परीक्षेत पंधरा मीटर लांब आणि तीस सेंटिमीटर रुंद फळी असते. तिच्यावरून मधल्या आकाराची गाडी किमान सात सेकंद आणि मोठी गाडी दहा सेकंद घेत न्यायची, म्हणजे मुद्दाम हळू. त्याआधी आडवी पडलेली गाडी उचलून दाखवायची. पण जपानात फळी ही परीक्षेतली एक बाब आहे. पुढे वळणं, चौक, ब्रेक, थांबणं, मान वळवून मागे बघणं या सगळ्यालाच गुण असतात. आपल्याकडे आठ ही परीक्षेतली बाब न राहता अख्खी परीक्षा होऊन बसली. आणि शेंद्र्याहून जालना रस्त्याने शहरात येताना, केंब्रिज चौक, चिकलठाणा, सिडको, सेव्हन हिल, क्रांती चौक, कुठेही आठ लागत नाही. लागतं ते असं: शिफ्ट सुटल्यावर कंपन्यांच्या बसची रांग, तिच्या डाव्या बाजूने मुसंडी मारणारी रिक्षा, समोरून राँग साइडने शांतपणे येणारा डबलसीट गृहस्थ (याच्या चेहऱ्यावर नेहमी आपणच चुकलो असा भाव का असतो, देव जाणे), त्याच्या कोपरात अडकवलेलं हेल्मेट, आणि दुभाजकाच्या फटीतून ऐन वेळी प्रकट होणारी म्हैस. यातल्या एकाही प्रसंगाला पाय वर ठेवून फिरण्याचा उपयोग नाही. उलट इथे जगायचं तर पाय टेकवता यावा लागतो.

‘जगात सगळीकडे परक्याला त्रास देतातच’ हा दुसरा आक्षेप, आणि तो घेणारे हटकून चीनचं नाव काढतात. चीन खरंच सोपा नाही. आपल्याकडे परदेशी पाहुणा स्वतःच्या देशातून आणलेल्या आंतरराष्ट्रीय परवान्यावर काही काळ गाडी चालवू शकतो, फक्त त्यावर मोटारसायकलच्या रकान्यात शिक्का हवा. चीनमध्ये तो परवाना चालतच नाही. तिथे नोकरीला गेलेल्या परदेशी माणसाने रहिवासाचे कागद द्यायचे, वैद्यकीय तपासणी करायची आणि लेखी परीक्षेत शंभरपैकी नव्वद गुण मिळवायचे. आपल्याकडे साठ टक्क्यांवर भागतं. मोटारसायकलींचे वर्गही तिथे तीन: डी, ई आणि एफ. डी घेतला तर ई आणि एफ त्यातच येतात, म्हणून शहाणी माणसं तीनचाकीची परीक्षा देऊन दुचाकी चालवतात. एवढं सगळं पार पाडावं, तर ग्वांगझूसारख्या शहरात २००७पासून मोटारसायकलला रस्त्यावर बंदीच. म्हणजे परवाना खिशात आणि गाडी दुसऱ्या गावात. पण चीनच्या या छळात एक प्रामाणिकपणा आहे. तो पत्ता विचारतो आणि मग नियमही विचारतो, तेही नव्वद टक्के. शिवाय मोठ्या शहरांत ते प्रश्न परक्यांच्या भाषांत उपलब्ध करून देतो. आपल्याकडे प्रश्न मराठी, हिंदी, इंग्रजीत. सोलहून आलेल्या तंत्रज्ञाने यांतली जी कमी परकी वाटेल ती निवडायची.

तिसरा आक्षेप सरकारच्या बाजूचा आहे आणि सगळ्यांत वजनदार आहे. चालकाचा पत्ता नको का? उद्या चलान फाडलं तर पाठवायचं कुठे? ऐकायला पटतं. पण आजचं ई-चलान गाडीच्या नंबरावरून मालकाच्या नावे निघतं. कॅमेरा खिशातला परवाना वाचत नाही. आणि पत्त्याची एवढी चाड असेल तर ती टिकायला नको का? इथे मला चेक आणि कोरियन साहेब सोडून शेंद्र्यातल्या खऱ्या परक्या कामगाराकडे यावं लागतं. तो बिहारमधून, उत्तर प्रदेशातून, ओडिशातून आलेला आहे. चौघं मिळून एका खोलीत राहतात. खोलीचा करार अकरा महिन्यांचा. पहाटेच्या शिफ्टला शेअर रिक्षा मिळत नाही, म्हणून त्याला जुनी स्प्लेंडर घ्यायची आहे. आधारवर गावाकडचा पत्ता, म्हणून तो आधी करार नोंदवून आधार बदलतो, मग लर्निंग, मग तीस दिवस थांबून आठ. वय बावीस. त्याला मिळणारा परवाना वयाच्या चाळिशीपर्यंत चालतो. अकरा महिन्यांच्या खोलीचा पत्ता अठरा वर्षं त्याच्या खिशात फिरत राहणार. तोवर तो वाळूजला, चाकणला, कदाचित सुरतेला पोहोचलेला असेल आणि त्या खोलीच्या जागी बिअर शॉपी उभी असेल. पत्ता बदलला तर कळवावा असा नियम आहे खरा. पण घेताना इतका पारखलेला पत्ता पुढे कुणी बघायला येत नाही, कारण त्याचं काम तोवर झालेलं असतं: बँकेत खातं उघडून झालं, सिमकार्ड घेऊन झालं. परवाना हा बँकेला चालणारा ओळखीचा पुरावा आहे, आणि ज्यांना सायकलसुद्धा धड येत नाही असेही लोक तो त्यासाठी काढून ठेवतात. त्यांनीसुद्धा आठ काढलेला असतो. कसा, ते एजंटला विचारावं.

शेवटी उरतात ते ‘साहेबाला ड्रायव्हर आहे ना, मग कशाला हे डोहाळे?’ म्हणणारे. त्यांना मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाळूजला पाठवीन. तिथे १९८५पासून बजाजचा कारखाना आहे आणि त्यांच्या गाड्या आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत जाऊन बिनतक्रार धावतात. जे शहर जगाला दुचाकीवर बसवतं, त्याने जगातून आलेल्या माणसाला मागच्या सीटवर बसवून ठेवावं हे शोभत नाही. तेव्हा माझी सूचना सरळ आहे. पत्त्याला पाच मिनिटं द्यावीत; कंपनीचं पत्र आणि करार बघून विषय मिटवावा. आणि वाचलेला वेळ घेऊन परीक्षा मैदानावरून उचलून केंब्रिज चौकात, संध्याकाळी सहाला, शिफ्ट सुटताना घ्यावी. परक्याचीही आणि आपलीही. मोटार वाहन निरीक्षकांनी पानटपरीच्या आडोशाला वही घेऊन बसावं. एक अडचण येईल, ती आत्ताच सांगून ठेवतो. कोरियन उमेदवार लाल दिव्याला थांबेल आणि मागून येणारा त्याच्यावर आदळेल. वहीत दोघांपैकी नापास कोणाला लिहायचं यावर चौकात तासभर वाद होईल, आणि तो सोडवायला जमलेले सगळे जण आदळणाऱ्याच्या ओळखीचे निघतील.